हरलेल्या लढायांची गाणी

आपल्याला पाठ असलेली युद्धगीते एकदा बोटांवर मोजून पाहा. पोवाडे बाजूला ठेवू. अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधाचा पोवाडा गायला, तुळशीदासाने सिंहगडाचा, आणि विजय गाणे हे शाहिराचे कामच आहे. मी म्हणतो आहे ती अलीकडची गाणी. शाळेत शिकलेली, गणेशोत्सवात लाउडस्पीकरवर ऐकलेली, पलटणीच्या बड्या खान्याला कुणाला तरी उभे करून म्हणायला लावतात ती. त्यांत जिंकलेली लढाई शोधावी लागते. फेब्रुवारी १६७२ मध्ये साल्हेरला मराठ्यांनी मोगलांच्या मोठ्या फौजेला उघड्या मैदानात हरवले. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर अशा दोन सेनापतींनी मिळून जुळवून आणलेला तो विजय होता. स्टाफ कॉलेजात शिकवावी अशी ती लढाई, पण तिचे गाणे कुणाला येते? त्यानंतर दोन वर्षांनी तोच प्रतापराव नेसरीला सहा स्वारांसह मेला, आणि ते मात्र महाराष्ट्रातल्या पोराटोरांना पाठ आहे.

कुसुमाग्रजांची ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ मी किती वेळा ऐकली असेल याचा हिशेब नाही. हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लताबाईंचा आवाज १९७४ साली ‘शिवकल्याण राजा’मध्ये एकत्र आला, आणि त्या कवितेचे पुस्तकातले आयुष्य संपून दुसरे सुरू झाले. मला स्वतःला ती छापील पानावर वाचायला जास्त आवडते. गाण्यात चाल आपल्याला घोड्यावर बसवते आणि थांबू देत नाही. वाचताना थांबता येते. मी नेहमी थांबतो तो पत्र वाचून झाल्यानंतरच्या क्षणाशी. सेनापतीचे डोळे जरासे ओलावतात, तो बाजूला वळतो, आणि सहा सरदार उठून रिकिबीत पाय टाकतात. कुणी कुणाला हुकूम दिलेला नाही. कवीने त्या जागी एकही संवाद ठेवला नाही, आणि ज्याने कधी माणसे पुढे नेली आहेत त्याला कळेल की ते बरोबर आहे. असल्या वेळी कुणी बोलत नाही.

आता कागद काय सांगतात ते पाहू. एप्रिल १६७३ मध्ये जतजवळ उमराणीला प्रतापरावाने बहलोलखानाची फौज पाण्यावाचून कोंडली. खानाने रदबदली केली आणि प्रतापरावाने त्याला सोडून दिले. महाराजांना हे अजिबात रुचले नाही. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तोच खान पुन्हा चालून आला. राज्याभिषेक तीन-चार महिन्यांवर होता, आणि महाराजांनी सेनापतीला लिहिले की याची फौज बुडवून विजय मिळवा, नाहीतर तोंड दाखवू नका. मूळ पत्र आपल्यापुढे नाही. त्याचा आशय सभासदाने १६९७ मध्ये जिंजीला बसून लिहिलेल्या बखरीतून येतो. सभासद नेसरीला मोठे युद्ध झाले आणि प्रतापराव तलवारीच्या वारांनी पडला असे सांगतो. सातांचा आकडा त्याच्याकडे नाही. तो येतो एप्रिल १६७४ मध्ये नारायण शेणवी याने मुंबईच्या इंग्रजांना पाठवलेल्या पत्रातून. दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव आणखी सहा स्वारांसह मारला गेला, उरलेल्या फौजेची मदत त्याला पोहोचली नाही, आणि खान विजयी झाला, असे ते कोरडे पत्र आहे. त्यात त्या सहांची नावे नाहीत. पुढे फिरणाऱ्या नावांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. तारीख २४ फेब्रुवारी १६७४, महाशिवरात्र.

काही वर्षांपूर्वी एका मराठी पलटणीच्या शेजारी आमची छावणी होती. तिथले एक सुभेदार साहेब गडहिंग्लज तालुक्यातले, म्हणजे थेट नेसरीच्या पंचक्रोशीतले. एका संध्याकाळी हे गाणे लागले होते. संपल्यावर ते म्हणाले, “सर, आमच्या गावाकडचीच खिंड ही. ल्हानपणापास्नं ऐकतोय. पण एक सांगा, मागं ऱ्हायलेली फौज काय करत हुती?”

“साहेब, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता,” मी म्हणालो.

“कसा इचारतील? गाणं सातांचं हाय. आमी मागं ऱ्हायल्यालं.”

तीस वर्षे पलटणीच्या रेशनपासून रायफलींपर्यंत सगळ्याचा हिशेब ठेवलेल्या माणसाचा तो प्रश्न होता. उत्तर इतिहासात आहे, गाण्यात नाही. मागे राहिलेली फौज विस्कटली नाही. आनंदरावाने ती हाती घेतली आणि महिनाभरात थेट विजापुरी मुलखात घुसून संपगावची पेठ लुटली. महाराजांनी सेनापतिपद हंसाजी मोहित्यांना दिले, तेच हंबीरराव. प्रतापरावाच्या मुलीशी राजाराम महाराजांचे लग्न लावले. माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणातली सर्वांत लष्करी गोष्ट म्हणजे आनंदरावाचा तो महिना. सेनापती पडला, सूड घेण्यासाठी समोर खान आहे, आणि हा माणूस फौज वळवून दुसरीकडे नेतो, जिथे शत्रूला लागेल आणि आपल्याला झेपेल. त्याच्यावर कविता होणे अवघड आहे, हे मलाही कळते.

मग कुसुमाग्रजांनी आपल्यापासून काही लपवले का? मी ही कविता अनेक वर्षे तशीच वाचत होतो: एक लखलखीत बलिदान, वर आग, खाली आग. पुढे एकदा शीर्षकच नीट वाचले. पहिलाच शब्द ‘वेडात’. कवीने निकाल दारावरच लिहून ठेवला आहे. सेनापती फौज सोडून सहा माणसांनिशी शत्रूच्या तळावर जातो याला शहाणपण म्हणता येत नाही, हे कवीला ठाऊक आहे आणि त्याने ते झाकलेले नाही. तरीही त्याला ते सात जण सुंदर दिसतात. दोन्ही गोष्टी एकाच ओळीत आहेत. गाताना आपण ‘वीर’ आणि ‘दौडले’ यांवर जोर देतो आणि ‘वेडात’ हा शब्द नुसता ताल धरायला वापरतो.

अकॅडमीत, खडकवासल्याला, आमच्या वाट्याला दुसरी कविता आली. टेनिसनची लाइट ब्रिगेडवरची. सैनिकाने का असे विचारायचे नसते, करायचे आणि मरायचे, या अर्थाची तिच्यातली ओळ कॅडेटला पहिल्याच टर्ममध्ये कळते, कारण ती पाठीवर पंचवीस किलो घेऊन टेकडी चढताना ऐकवली जाते. कविता पूर्ण वाचली ती बरीच नंतर, एका लांबलेल्या रेल्वे मूव्हमध्ये. तेव्हा लक्षात आले की ज्या ओळीने आम्हाला टेकडीवर चढवले तिच्या आधीच कवीने सांगितले आहे की कुणाची तरी घोडचूक झालेली आहे, आणि दौडणाऱ्या शिपायाला ते माहीत आहे.

२५ ऑक्टोबर १८५४, क्रिमियातले बालाक्लावा. लॉर्ड रॅग्लन उंच टेकडीवर. तिथून त्याला दिसते की पलीकडच्या धारेवरच्या, सकाळी गमावलेल्या तोफा रशियन ओढून नेत आहेत. तो हुकूम देतो, एअरी तो पेन्सिलीने कागदावर उतरवतो: घोडदळाने झपाट्याने पुढे जावे आणि शत्रूला तोफा नेऊ देऊ नयेत. कोणत्या तोफा, ‘पुढे’ म्हणजे कुठे, हे कागदावर नाही, कारण टेकडीवरून ते उघड दिसते. खाली दरीत लॉर्ड लुकन उभा आहे. त्याला त्या तोफा दिसतच नाहीत. दिसतात त्या दरीच्या दुसऱ्या टोकाच्या, मांडून तयार असलेल्या. निरोप घेऊन आलेला कॅप्टन नोलन हा घोडदळावर पुस्तके लिहिलेला, भारतातही नोकरी केलेला हुशार आणि उतावळा अधिकारी. कोणत्या तोफा, असे विचारल्यावर तो हात झटकून दरीकडे दाखवतो. लुकन आणि ब्रिगेड नेणारा कार्डिगन हे एकमेकांशी धड न बोलणारे मेहुणे. सुमारे ६७० स्वार सव्वा मैल तोफांच्या तोंडी चालत गेले. वीसेक मिनिटांत सुमारे ११० मेले, दीडशेच्या वर जखमी, आणि घोडे तीनशेहून जास्त गेले. नोलन अगदी सुरुवातीलाच पडला, म्हणजे ज्याला नक्की काय सांगायचे होते ते सांगता आले असते तोच.

महूला इन्फन्ट्री स्कूलमध्ये हुकूम कसा लिहावा हे शिकवतात: मजकूर असा हवा की वाचणारा जिथे उभा आहे तिथून तो कळावा. नेसरी आणि बालाक्लावा ही दोन्ही प्रकरणे एकेका चिठ्ठीने सुरू झाली. रॅग्लनच्या चिठ्ठीत अर्थ कमी पडला. महाराजांच्या पत्रात अर्थ स्वच्छ होता, पण त्यासोबत एक घाव होता, आणि तो घाव आधीच अपराधी वाटणाऱ्या माणसावर बसला. महाराजांसारखा माणसे ओळखणारा सेनानी दुसरा नाही असे मी मानतो, तरी ते पत्र वाचताना एक अधिकारी म्हणून मला चुकचुकल्यासारखे होते. (यावर काही वाचक रागावतील. रागवावे, पण आधी आपण हाताखालच्या माणसाला लिहिलेले शेवटचे रागाचे पत्र आठवावे.)

टेनिसनने बातमी वर्तमानपत्रात वाचली आणि ९ डिसेंबर १८५४ ला, म्हणजे लढाईनंतर सात आठवड्यांच्या आत, कविता ‘एक्झॅमिनर’ मध्ये छापून आली. पुढची गोष्ट मला कवितेइतकीच महत्त्वाची वाटते. १८५५ मध्ये संग्रहात घेताना त्याने टीकेला कंटाळून कविता सुधारली, आणि त्या सुधारणेत चुकीची ती ओळच काढून टाकली. मग क्रिमियातून निरोप आला की आघाडीवरचे शिपाई ही कविता म्हणतात आणि त्यांना तिच्या प्रती हव्या आहेत. टेनिसनने त्यांच्यासाठी वेगळे कागद छापवून घेतले. त्या प्रतींत ती ओळ परत आली. घरी बसून वाचणाऱ्यांना एक कविता आणि खंदकातल्यांना दुसरी. आणि खरे बोलणारी कविता खंदकात गेली. पुढे टेनिसनने ती ओळ कायम ठेवली.

त्याच युद्धात समोरच्या बाजूला एक सव्वीस वर्षांचा तोफखान्याचा अधिकारी होता. बालाक्लावानंतर काही आठवड्यांतच तो सेवास्तोपोलला पोहोचला. नाव लेव तॉल्स्तॉय. ऑगस्ट १८५५ मध्ये चोर्नाया नदीवर रशियनांनी हल्ला केला आणि मोठी माणसे गमावून तो फसला. तेव्हा तॉल्स्तॉय आणि त्याच्या सोबत्यांनी एक गाणे रचले, शिपायांच्या बोलीत, शिपायांच्या चालीवर. त्यात सेनापतींची नावे घेऊन थट्टा होती. बेत कागदावर कसा सुरेख होता आणि चालायच्या वाटेत घळी आहेत हे मात्र कसे राहून गेले, हा त्यातला टोमणा रशियन भाषेत म्हणीसारखा आजही वापरतात. गाणे छावणीभर झाले. वरिष्ठांना ते आवडणे शक्यच नव्हते. हरलेल्या लढाईचे हे एकच गाणे मला माहीत आहे ज्यात शहीद नाहीत आणि जबाबदार आहेत.

पण तॉल्स्तॉयला ते पुरले नसावे. ‘युद्ध आणि शांती’मध्ये त्याने पुन्हा तीच गोष्ट घेतली, १८०५ च्या श्योनग्राबर्नच्या लढाईत. कॅप्टन तुशिन हा तोफखान्याचा बुटका, लाजरा अधिकारी. वाचकाला तो पहिल्यांदा भेटतो तेव्हा त्याच्या पायात बूटही नसतात. त्याच्या चार तोफांचे संरक्षण काढून घेतले जाते, माघारीचा हुकूम घेऊन आलेला स्टाफ ऑफिसर घाबरून ओरडतच परत पळतो, आणि तुशिन आपल्या तोफा चालवत राहतो. त्यामुळे सगळी फौज वाचते. संध्याकाळी त्याला बोलावून विचारतात की तोफा मागे का सोडल्या. संरक्षण नव्हते, हे एक वाक्य तो बोलत नाही, कारण त्याने दुसरा कुणी अधिकारी अडचणीत येईल. प्रिन्स आंद्रेई बोलतो तेव्हा कुठे खरे बाहेर पडते. माझ्या काळ्या ट्रंकेत ही कादंबरी तीन-चार पोस्टिंगांवर आलेली आहे. युद्धाचे, समाजाचे, प्रेमाचे प्रकरण चाळत जातो, पण तुशिनची ती संध्याकाळ मला दर वेळी पूर्ण वाचावी लागते. कोर्ट ऑफ इन्क्वायरीला बसलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने समोर एखादा तुशिन पाहिलेला असतो. बोलका माणूस सुटतो.

किपलिंगने १८९० मध्ये लाइट ब्रिगेडवर आणखी एक कविता केली. त्याने कल्पना केली की उरलेले वीसेक म्हातारे स्वार, खिशात दमडी नाही, टेनिसनकडे जातात आणि म्हणतात, आमचे पुढे काय झाले तेही लिहा. कल्पना त्याची, पण दारिद्र्य खरे होते. त्या वर्षी या जुन्या सैनिकांसाठी वर्गणी जमवावी लागली. माझे वाचक असलेले पेन्शनर मित्र हे वाचून कसे हसतील ते मला इथे बसून दिसते आहे.

हे सगळे माझ्या डोक्यात लदाखमध्ये एकत्र आले. चुशूलच्या मैदानात रेझांग लाचे स्मारक आहे. १८ नोव्हेंबर १९६२ च्या पहाटे १३ कुमाऊंच्या चार्ली कंपनीवर, मेजर शैतानसिंगांच्या अहिर जवानांवर, सोळा हजार फुटांच्या वर हल्ला झाला. मध्ये डोंगर आडवा असल्याने आपल्या तोफांचा मारा तिथे पोहोचत नव्हता. स्मारकावर ११४ शहिदांचा उल्लेख आहे आणि त्याच्यासोबत काव्यपंक्ती आहेत. त्या मेकॉलेच्या. आपल्या वाङ्मयाला एका कपाटाच्या लायकीचे न मानणारा तोच मेकॉले. होरेशियस नावाच्या रोमन वीरावरची ती कविता १८४२ मध्ये छापली गेली. त्या संग्रहाची कल्पना मेकॉलेला सुचली निलगिरीच्या पायथ्याच्या जंगलात आणि बराच भाग रचला उटीच्या मुक्कामात.

पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला राग आला होता. रेवाडी-गुडगावकडच्या शेतकऱ्यांच्या पोरांवर मेकॉले कशाला? त्यांच्याकडे रागिणी आहेत, त्यांच्या बोलीत म्हणता आले असते. राग अजून पुरता गेलेला नाही. पण पूर्ण कविता वाचल्यावर ती निवडणाऱ्याची नजर कळली. होरेशियस मरायला गेलेला नाही. शत्रू नगरावर येतो आहे, मधला पूल तोडायला वेळ हवा, आणि तो वेळ मिळवायला तीन माणसे पुलाच्या तोंडाशी उभी राहतात. पूल पडतो आणि होरेशियस पोहत परत येतो. म्हणजे त्या उभे राहण्याला काम होते, आणि ते काम झाले. रेझांग लाच्या मागे चुशूलची धावपट्टी होती. ती आपल्याकडे राहिली. इथे कुणी वेडात दौडले नव्हते. एक कंपनी आपल्या खंदकांत बसून दिलेली जागा धरून होती. नेसरीच्या कवितेच्या मापाने रेझांग ला गायला गेलो तर माप चुकते, आणि आपण दोन्ही एकाच गळ्याने, एकाच ओल्या डोळ्यांनी गातो.

गळा तर खरोखरच एक आहे. प्रदीपांचे ‘ऐ मेरे वतन के लोगो’ लताबाईंनी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये गायले ती तारीख २७ जानेवारी १९६३. पंतप्रधानांचे डोळे भरून आले, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी रेझांग लाचे जवान अजून बर्फाखालीच होते. त्या कंपनीतून जिवंत परतलेल्या थोड्या जणांनी जे सांगितले त्यावर अनेकांचा विश्वास बसला नव्हता. इतके जण इतका वेळ लढले असतील हे कुणाला पटत नव्हते. देश गाणे ऐकून रडत होता आणि ज्यांच्यासाठी रडत होता त्यांचे सोबती खोटे ठरत होते. थंडीचे कपडे, दारूगोळा, तोफा, या सगळ्याबद्दलचे प्रश्न ज्यात यायचे तो हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने आजही अधिकृतपणे खुला केलेला नाही.

फेब्रुवारीत एक मेंढपाळ त्या बाजूला गेला तेव्हा ते सापडले. खंदकांत, जागच्या जागी, हत्यारे हातात. नर्सिंग असिस्टंटच्या हातात इंजेक्शनची सिरिंज होती. शैतानसिंग खडकाला टेकून होते. जखमी झाल्यावर त्यांनी आपल्या माणसांना मला इथेच ठेवून जा असे सांगितले होते. कंपनीकडच्या मोर्टारच्या हजार बॉम्बांपैकी सात शिल्लक होते, बाकी सगळे उडवून झाले होते. परत आलेल्यांनी जे सांगितले होते, ते तिथे तसेच्या तसे पडलेले होते.